झुंबरलालांना म्हणायचंय की…

झुंबरलालांनी जीवरामच्या एका पत्राला उत्तर दिलं नाही. बाकीच्या सगळ्या पत्रांना दिलं होतं; इतक्या वर्षांत एकही चुकवलं नव्हतं. हे एक राहिलं, आणि ते राहिलं म्हणून पुढची सगळी थांबली. विचारलेल्या प्रश्नाला बगल देऊन हवापाण्याचं लिहायचं, एवढा निर्ढावलेपणा त्यांच्या अंगात नव्हता.

जीवराम मूळचा मुक्ताईनगरकडचा, केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. जळगावच्या कॉलेजात दोघं एका बाकावर बसत. पहिलं वर्ष संपलं तसं झुंबरलालांना वडिलांनी दाणाबाजारातल्या डाळींच्या दुकानात बसवलं. जीवराम शिकला, धुळ्यात मास्तर झाला, तिथलाच झाला. निवृत्त झाल्यावर त्याने तिथल्या एका लहानशा सार्वजनिक वाचनालयाचा कारभार अंगावर घेतला होता. आजकाल पत्रं कोण लिहितं? पण जीवरामचा इलाज नव्हता. झुंबरलाल फोन उचलत नसत आणि उचललाच तर "हं" म्हणून बायकोच्या हातात देत.

"झुंबर," त्या पत्रात जीवरामने लिहिलं होतं, "आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला जानेवारीत असते. त्यातला एक दिवस तुझा. विषय मीच ठरवलाय: शेवट नसलेली पुस्तकं. जे तू मला आजवर पत्रांतून सांगत आलास, ते उभं राहून चार माणसांना सांग. यंदा जमत नसेल तर पुढच्या वर्षी ये. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पण उत्तर तुझं पाहिजे. वहिनींनी फोन करून 'त्यांना म्हणायचंय की' असं सुरू केलं, तर मी फोन खाली ठेवीन, सांगून ठेवतो."

शेवट नसलेल्या पुस्तकांची गोष्ट अशी होती. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. तिच्यात मासिकं असत, फाटक्या कादंबऱ्या असत. झुंबरलाल गल्ल्यावर बसून त्या वाचत, आणि हातातलं पान वाचून होतं न होतं तोच गडी ते ओढून घेऊन पावशेर मुगाची पुडी बांधत असे. खुनी कोण, लग्न झालं की नाही, बाप घरी परतला का, हे सगळं गिऱ्हाइकांच्या पिशव्यांतून गावभर निघून जाई. उरलेली गोष्ट झुंबरलाल रात्री मनातल्या मनात पुरी करत आणि सवडीने जीवरामला लिहीत. तोंडाने त्यांनी ती कुणालाच सांगितली नव्हती.

तोंडाने ते काहीच सांगत नसत. त्यांचं तोंड म्हणजे त्यांची बायको कुसुमलता. कापडाच्या दुकानात, डॉक्टरकडे, सोयरिकीच्या बैठकीत झुंबरलाल एखादा शब्द काढून अडकले, की ती हलकेच पुढं होई. "त्यांना म्हणायचंय की…" आणि पुढं ती जे बोलायची ते नेमकं त्यांच्या मनातलं असायचं. शब्दसुद्धा बदलावा लागत नसे. हे पत्र मात्र तिने वाचून घडी करून परत दिलं होतं. "यात माझं काम नाही," ती म्हणाली होती. "हे तुमचं तुम्ही लिहा." ते लिहितो म्हणाले, जानेवारी निघून गेला, आणि होळीच्या आधी चार दिवसांच्या तापात कुसुमलता गेली.

त्यानंतर महिनाभराने झुंबरलाल केस कापायला गेले. न्हावी नवा होता. कात्री चालवता चालवता त्याने विचारलं, "काका, मिशी काढू ना?"

झुंबरलालांना म्हणायचं होतं, "मिशीला हात लावू नको." तोंडातून आलं, "हं."

घरी येऊन ते आरशापुढं उभे राहिले. लग्नाच्या आधीपासूनची मिशी. दुःख करायला कारणं कमी नव्हती, पण त्या दिवशी त्यांना दुःख झालंच नाही. त्यांना भयंकर राग आला. न्हाव्याचा आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. उद्या कोणी विचारेल, काका, तुमचं नाक काढू ना? आणि आपण म्हणू, हं.

त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. आपण मुळातच घाबरट, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आधी लहान गोष्टी धरल्या. उसाच्या रसवाल्याला बर्फ नको म्हणून सांगायचं. रिक्षावाल्याने जास्त मागितले तर उतरून दुसरी बघायची. भाजीवालीने वरची वांगी चांगली दाखवून खालची टाकली, तर ती तिच्यासमोर पाटीत परत ठेवायची. या प्रत्येक गोष्टीला त्यांना आठवडा आठवडा लागला आणि रसवाल्याने पहिल्या दिवशी तरीही बर्फ टाकलाच. पण एक एक जमत गेलं. मग एका सकाळी त्यांनी मोठी गोष्ट धरली. येत्या जानेवारीत धुळ्याला जाऊन बोलायचं, हातात कागद न घेता. आणि बोलता येतं अशी खात्री झाली की त्या दिवशी जीवरामला उत्तर लिहायचं. आधी नाही.

सकाळी उजाडायच्या आत उठून ते दार लावून घेत. खोलीत बसायची एकच निवांत जागा होती, कुसुमलताचं सामायिकाचं आसन. सामायिक म्हणजे सगळं बाजूला ठेवून अठ्ठेचाळीस मिनिटं शांत बसायचं; तिने ते जन्मभर केलं. ती वेळ मोजायला तिची लाकडी चौकटीतली रेतघडी होती. वरची वाळू खाली उतरली की सामायिक पुरं. व्याख्यानही साधारण तेवढंच असतं, म्हणून झुंबरलालांनी तीच समोर घेतली. नियम एकच केला: सुरू केलेलं वाक्य पूर्ण करायचं. अडकलं तर घडी उलटवून उतरलेली वाळू परत जाऊ द्यायची आणि पहिल्यापासून. पहिले कित्येक दिवस वाळू वरच्या काचेतून हलल्यासारखीही वाटली नाही. रात्री जेवलं की पहाटे डोळे उघडत नाहीत, म्हणून त्यांनी संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत खाऊन घ्यायला सुरुवात केली. टीव्ही बंद केला. मोबाईल कपाटात टाकला.

आता हे सगळं दुसऱ्या एखाद्या घरात झालं असतं, तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाले असते. जैनाच्या घरात त्याचा अर्थ वेगळा झाला.

"पप्पाजी," सून चेलनाने एका सकाळी चहा देताना हळू आवाजात विचारलं, "दाराबाहेर जापाचा आवाज येतो. काही नियम घेतलाय का?"

खरं सांगायची झुंबरलालांना लाज वाटली. अडुसष्टाव्या वर्षी भाषण पाठ करतोय, हे सुनेला कसं सांगायचं? आणि नियम तर होताच.

"हं," ते म्हणाले.

"किती दिवसांचा?"

"होईपर्यंत."

चेलनाचे डोळे भरून आले. कप तिथंच ठेवून ती आत गेली आणि तिने नवऱ्याला सांगितलं, "ऐकलंत का? होईपर्यंत म्हणाले!"

चातुर्मास सुरू होता. महासतीजी, म्हणजे साध्वी, गावात मुक्कामाला होत्या, जैन स्थानकात त्यांचं रोज प्रवचन होतं, आणि अशा दिवसांत अशी बातमी घरात राहत नाही. दाणाबाजारातले लोक झुंबरलालांना आदराने वाट देऊ लागले. झुंबरलालांना वाटलं, रसवाल्याला बर्फ नको म्हणू लागल्यापासून आपला वट वाढलाय.

श्रावणात ते धुळ्याला निघाले. हॉल एकदा डोळ्यांनी बघावा म्हणजे भीती मोडेल, असा हिशोब होता.

"धुळ्याला?" चेलना म्हणाली. "तिथं महाराजसाहेबांचा चातुर्मास आहे ना? दर्शनाला?"

"हं," झुंबरलाल म्हणाले, आणि एसटीत बसल्यावर पारोळा येईपर्यंत त्या 'हं'बद्दल स्वतःला शिव्या देत राहिले.

वाचनालय आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत होतं. टेबलाशी पुनमताई नावाच्या ग्रंथपाल बाई पुस्तकांच्या पाठी चिकटवत बसल्या होत्या. जीवरामसर मुलीकडे नाशिकला गेलेत, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. झुंबरलालांना हायसं वाटलं.

"हॉल बघायचा होता," ते म्हणाले. वाक्य पूर्ण झालं.

"लग्नासाठी देत नाही आबा आम्ही."

"लग्न नाही. बघायचाच होता."

बाईंनी दार उघडून दिलं. पत्र्याच्या खुर्च्या, एक लाकडी मंच, भिंतीवर ओल. झुंबरलाल मंचावर चढले. समोर रिकाम्या खुर्च्या असूनही ते मागच्या भिंतीला टेकले.

"काही बोलून बघा," पुनमताई दारातून म्हणाल्या. "तिथं उभं राहिलं की सगळ्यांनाच बोलावंसं वाटतं."

"मी…" झुंबरलाल म्हणाले.

"मागं ऐकू येत नाही आबा."

"मी जळगावचा."

"जळगावचे?" बाई हसल्या. "आमच्या सरांचे एक मित्र आहेत जळगावचे. त्यांच्यासाठी सर एक दिवस रिकामा ठेवायला लावतात. गेल्या खेपेला ते आलेच नाहीत. शेवटी सर स्वतःच उभे राहिले आणि म्हणाले, आज ज्यांचं भाषण होतं ते वाटेत आहेत. लोक हसले. यंदा समितीने सांगून टाकलंय, दिवाळीपर्यंत नाव आलं नाही तर तो दिवसच काढून टाकायचा. पत्रिका छापायला जाते ना. सर काही बोलत नाहीत, पण चिडतात."

झुंबरलालांनी मान खाली घातली. पुनमताईंना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यांनी पाणी आणून दिलं.

परतीच्या बसमध्ये ते भाषण मनात म्हणत होते आणि दर वळणावर विसरत होते. आपल्याला हे जमणार नाही, हे त्यांना जवळजवळ कळून चुकलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले. परवा तिसऱ्या वेळी वाळू अर्ध्याच्या पुढं गेली होती. आज कुठं जाते ते तरी बघू.

घरी कामाला येणाऱ्या कुंदाबाईने मात्र एक दिवस झाडू भिंतीला टेकवून सरळ विचारलं, "शेठ, तुम्ही कोनासंगे बोली ऱ्हायनात सकाळले? माले ऐकू येस ना. पुडी, गिऱ्हाईक, खून! आसा कोनता जाप शे?"

झुंबरलाल गोरेमोरे झाले. "भाषण आहे," ते पुटपुटले.

"मंग सांगा ना घरमा! बठ्ठा गाव म्हनस, झुंबरशेठ दीक्षा लेनार शेत."

"कोण म्हणतं?"

"बठ्ठा!" कुंदाबाईने झाडू उचलला. "बाजारमा तुमना फोटोबी लागना शे. जाईसन दखा."

झुंबरलाल चपला घालून बाजारात गेले. दुकानाच्या समोर, विजेच्या खांबाला बांधलेला भलामोठा फ्लेक्स होता. संयमाच्या वाटेवर निघालेले श्री. झुंबरलालजी यांच्या भावनेची शतशः अनुमोदना. रविवारी सकाळी स्थानकात. खाली जैन संघाच्या मंत्र्यांचं, प्रेमराजजींचं नाव, आणि मधोमध झुंबरलाल स्वतः, मिशीसकट.

ते तसेच दुकानात शिरले. मुलगा पारस हिशोबनीसाशी बोलत होता. "भाऊंच्या खोलीत मग एसी बसवून टाकू," असं काहीतरी शेवटचं वाक्य कानावर पडलं. बापाला पाहून तो उठला.

"पारस, तो फ्लेक्स… मी ते…"

पारसने चारचौघांत वाकून त्यांच्या पायाला हात लावला. वर उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. तो नाटकी मुलगा नव्हता. खरंच रडत होता. "भाऊ, काही बोलू नका. मला कळतं सगळं. आज्ञा द्यायला मन तयार होत नव्हतं. पण आता झालंय. रविवारी सगळ्यांसमोर देईन."

"तसं नाही, पारस. मला…"

"मला माहिती आहे तुम्हाला काय म्हणायचंय."

दीक्षा घेणाऱ्याला घरच्यांची आज्ञा लागते. ती देणं मुलाला किती जड जातं आणि त्याचा त्याला केवढा मान मिळतो, हे झुंबरलालांना ठाऊक होतं. ते घरी परत आले. चार दिवस त्यांनी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा कोणीतरी त्यांच्या पाया पडलं. पाया पडणाऱ्या माणसाला उलट बोलणं फार कठीण असतं. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या मनात असंही येऊन गेलं की कदाचित हेच बरं. भाषण तसंही जमत नाहीये. दीक्षेत मौन तरी असतं.

हा विचार आला आणि त्यांना स्वतःची किळस आली. ज्या वाटेवर लोक सगळं सोडून जातात, तिथं आपण बोलायच्या भीतीने लपायला जायचं?

रविवारी स्थानक भरलं होतं. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, समोर पाटावर महासतीजी. प्रवचन झाल्यावर प्रेमराजजी माईकपाशी आले. त्यांचा आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. झुंबरलालांची साधना, त्यांचा जाप, रात्रीचं सोडलेलं जेवण, धुळ्याची दर्शनयात्रा, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. ऐकताना झुंबरलालांनाच त्या माणसाबद्दल आदर वाटू लागला. मग कोणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली.

"आता पारसभाई आज्ञा देतील. त्याआधी झुंबरलालजी, दोन शब्द."

झुंबरलाल उठले. माईकपाशी आले.

"मला," ते म्हणाले. तो शब्द भिंतींवरून एवढा मोठा होऊन परत आला की ते दचकले. पुढचा शब्द येईना. बायकांमध्ये कोणीतरी हुंदका दिला. पारसने डोळ्यांना रुमाल लावला. क्षण गेला, दुसरा गेला, आणि प्रेमराजजींनी मोठ्या मायेने पुढं होऊन माईक आपल्याकडे वळवला.

"भावना दाटून आल्यात," ते म्हणाले. "झुंबरलालजींना म्हणायचंय की, या संसारात आता त्यांचं मन रमत नाही…"

झुंबरलालांनी हे वाक्य जन्मभर ऐकलं होतं. ते ऐकलं की त्यांचे खांदे सैल पडत, कारण पुढं येणारे शब्द त्यांचेच असत. आज पहिल्यांदा वाक्य तेच होतं आणि पुढचे शब्द दुसऱ्याचे होते. त्यांचे खांदे सैल पडायला गेले आणि अर्ध्यात थांबले. न्हाव्याच्या खुर्चीवरून उतरल्यावर आला होता तोच राग पुन्हा आला. त्यांनी हात लांब करून माईकची दांडी धरली आणि ओढली.

"नाही," ते म्हणाले. "मला ते म्हणायचं नाही."

प्रेमराजजी एक पाऊल मागं सरकले.

"माझं मन रमतं संसारात. फार रमतं. मला दीक्षा घ्यायची नाही. दीक्षा मोठी गोष्ट आहे. ज्यांना ती पेलते त्यांच्यापुढं मी हात जोडतो. महासतीजी, तुमची क्षमा मागतो. माझ्या मनात ती कधी आलीच नाही."

"भाऊ, बसा," पारस हळूच म्हणाला.

"बसणार नाही. वाक्य संपू दे."

"पण मग तो जाप?" प्रेमराजजींनी विचारलं. माईक नसूनही सगळ्यांना ऐकू गेलं.

"तो जाप नाही. मी भाषण पाठ करतो."

"आणि सामायिकाची रेतघडी?"

"वेळ बघायला."

"रात्रीचं जेवण सोडलंत ते?" मागून कोणीतरी विचारलं.

"जेवलं की सकाळी जाग येत नाही."

पुरुषांच्या बाजूने हसू फुटलं. मग बायकांच्या बाजूने. दर वेळी कोणी हसलं की झुंबरलाल खाली बसत. आजही बसायला निघाले होते. त्यांनी दांडी आणखी घट्ट धरली.

"हसा," ते म्हणाले. "धुळ्याला पण हसतील. तिथं मी रद्दीबद्दल बोलणार आहे. आमच्या दुकानातून तुम्ही सगळ्यांनी मूग नेलेत, तूर नेलीत. त्या पुड्यांच्या कागदांवर गोष्टी होत्या. मी त्यांची सुरुवात वाचली. शेवट तुमच्या घरी गेला. प्रेमराजजी, तुमच्या मातोश्री एकदा मसूर घेऊन गेल्या. त्या कागदावर एक बाई स्टेशनवर नवऱ्याची वाट बघत होती. गाडी येताना दिसत होती. तो उतरला की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुमच्या घरी तो कागद चुलीत गेला असेल. मी त्याला तीन वेळा उतरवला. एकदा नाही उतरवला."

आता कोणी हसत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "मग उतरला का?" शेजाऱ्याने त्याला गप्प केलं.

"मला एवढंच म्हणायचं होतं," झुंबरलाल म्हणाले, आणि खरंच त्यांना तेवढंच म्हणायचं होतं. त्यांनी शाल काढून घडी केली.

महासतीजी इतका वेळ खाली बघत होत्या. त्यांनी विचारलं, "सुनेला नियम घेतलाय म्हणालात. तो कोणता?"

"सुरू केलेलं वाक्य आपणच पूर्ण करायचं."

"अवघड आहे," महासतीजी म्हणाल्या. त्यांच्या मुखवस्त्रिकेमागं हसू असावं, डोळ्यांवरून वाटलं. "वर्षभरासाठी देऊ पच्चक्खाण?"

सर्वांसमोर, तोंडाने, नियम मागून घ्यायची ही रीत. झुंबरलालांनी हात जोडून तो घेतला. मग म्हणाले, "एक मंत्रीजींनाही द्या. दुसऱ्याच्या वतीने बोलायचं नाही."

"काकासा," प्रेमराजजी कपाळ पुसत म्हणाले, "माझं मंत्रीपदच जाईल हो!"

या वेळी जे हसले त्यांत झुंबरलालही होते.

घरी मात्र कोणी हसलं नाही. पारस बूट न काढता पुढच्या खोलीत फेऱ्या मारत होता.

"पुण्याहून, इंदूरहून फोन आले होते भाऊ. लोक रडत होते फोनवर. आता त्यांना काय सांगू?"

"भाषणाला या म्हणून सांग."

"चेष्टा नका करू. एकदा तरी घरात सांगायचं होतं."

"पाच वेळा सांगायला आलो. तू पाया पडलास."

पारस फेऱ्या मारायचा थांबला. चेलना दारात उभी होती. तिच्याकडे बघून तो पुन्हा पेटला. "आणि धुळ्याला कोण ऐकणार आहे तुमचं? आज दहा मिनिटं बोललात, घामाने भिजलात. तिथं तासभर? तुम्ही अडकता भाऊ. नावं विसरता. लोकांसमोर तोंडघशी पडाल, ते आम्ही बघायचं?"

यातलं काहीच खोटं नव्हतं. आज सकाळीसुद्धा वाळू अर्ध्याच्या थोडी पुढंच गेली होती, पूर्ण उतरणं दूरच होतं. खात्री झाल्यावर उत्तर लिहायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि खात्री अजून कुठंच दिसत नव्हती. ती बहुतेक कधी होणारही नव्हती. पण माईकची दांडी धरली तेव्हा तरी कुठं होती?

"अडकेन," ते म्हणाले. "अडकलो की थांबेन. आठवलं की पुढं बोलेन. लोक थांबतील नाहीतर घरी जातील. त्यांना घरं आहेत."

"आणि फ्लेक्सचं काय?"

"तो काढ. आणि पारस, खोलीत एसी लावायचा असेल तर लाव. मी तिथंच आहे."

पारसचा चेहरा पडला. तो बूट काढत खाली बसला आणि म्हणाला, "मी तसं म्हटलं नव्हतं भाऊ."

"हं," झुंबरलाल म्हणाले. मग स्वतःला सावरून वाक्य पूर्ण केलं. "मला माहिती आहे तू तसं म्हटलं नव्हतंस. पण मला ते ऐकू आलं."

त्या दुपारी त्यांनी टेबलाशी बसून लिहिलं. एवढे महिने जे सुचलं नव्हतं ते चार ओळींत संपलं.

"जीवराम, येतो. दिवस कोणताही दे. विषय तू दिलास तोच ठेव. कागद आणणार नाही. मध्ये अडकलो तर तू मदतीला येऊ नकोस, शब्द सुचवू नकोस, पाणीसुद्धा पुढं करू नकोस. मी बोलेन किंवा थांबेन. दोन्ही मला करू दे. तुझ्या हॉलच्या मागच्या खुर्च्यांना ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. कसं ते आल्यावर सांगतो. मिशी वाढवतोय. झुंबर."

सोमवारी सकाळी चेलनाने स्कूटी बाहेर काढली. "द्या पप्पाजी, बाजारात जातेच आहे. टाकून येते."

"नको."

"मग बसा तरी मागं. उन्हात चालत कुठं जाता?"

ते बसले. पोस्टात रांग होती. चेलना त्यांच्या मागं उभी राहिली. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता पाकीट काट्यावर ठेवलं.

"कुठं?"

"धुळे."

"स्पीड पोस्ट?"

"हो. दिवाळीच्या आत पोचलं पाहिजे."

"पाठवणाऱ्याचं नाव?"

झुंबरलाल अडकले. मागची माणसं पुढं सरकली, कारकुनाने आता मान वर केली. चेलनाने तोंड उघडलं, मग ओठ घट्ट मिटून ती पंख्याकडे बघत राहिली.

झुंबरलालांनी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, दाणाबाजारचा पत्ता सांगितला आणि पिनकोडही सांगितला. कारकुनाने शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि पावती खिडकीतून बाहेर सरकवली.